वासुनानांची दुधाची पेटी

वासुनानांच्या घरात लहान मूल नव्हतं. बायको नव्हती, भाचा-पुतण्या नव्हता, पाळलेलं मांजरसुद्धा नव्हतं. तरीही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला एक धुतलेली पिशवी टांगलेली असे आणि त्या पिशवीत बाळाच्या दुधाच्या दोन काचेच्या बाटल्या असत. दर गुरुवारी सकाळी त्या पातेल्यात घालून उकळायच्या, चिमट्याने काढायच्या, स्वच्छ फडक्यावर पालथ्या घालायच्या आणि वाळल्या की परत पिशवीत. एकसष्ट वर्षांचा एकटा माणूस रिकाम्या बाटल्या उकळत बसलाय, हे मी रत्नागिरीतल्या झाडगावात राहायला आले त्याच आठवड्यात खिडकीतून पाहिलं आणि नवऱ्याला मुंबईला पत्रात कळवलं, ‘शेजार जरा चक्रम दिसतो.’

ही साधारण पंच्याऐंशी सालातली गोष्ट. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत शिकवत होते, नवरा मुंबईला नोकरीत, आणि मुग्धा तेव्हा दोन महिन्यांची. तिच्या जन्मानंतर मला टायफॉइड झाला, अंगावरचं दूध आटलं आणि डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं. रजेवर होते. घरात आम्ही दोघीच.

नाना एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टँडवर जात. लांबच्या गाड्या लागल्या की खिडकी-खिडकीतून आत डोकावत. मांडीवर तान्हं मूल असलेली बाई दिसली की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट सवाल: ‘ओ ताई, दूध कालवून घेतलंत की सुकं?’ बिचारी ताई गोंधळून जायची. काहींना हा फेरीवाला वाटे, काहींना वेडा. एकदा एका नवऱ्याने खाली उतरून त्यांची कॉलर धरली. नाना म्हणाले, ‘कॉलर धरा हो, पण बाटली उन्हात राहिलीय, ती आधी सावलीत घ्या.’ हा किस्सा त्यांनी स्वतःच मला सांगितला, आणि शेवटी त्याने बाटली सावलीत घेतली की नाही एवढंच त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

मुग्धा चार महिन्यांची असताना चिपळूणला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. मी हुशारी केली. सकाळी सहाला दूध कालवलं, बाटलीला दोन टॉवेल गुंडाळले आणि निघाले. साडेअकराला पाजलं तेव्हा दूध अजून कोमट होतं. मावशीला मी कौतुकाने हात लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुग्धाला जुलाब सुरू झाले. तीन दिवस तिच्या हाताला सलाईन होतं, इतकुसा हात, त्यालाही पट्टी बांधून ठेवलेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘जीव फार लहान आहे. या वेळी निभावलं. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही.’

आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी नाना दारात उभे. ‘बाटली बघू,’ म्हणाले.

मी दिली. त्यांनी ती उजेडात धरली, नाकाला लावली, आत बोट फिरवलं. ‘मानेपाशी साय बसलीय. ब्रश कुठाय?’

मला असा राग आला! आधीच माझं मन मला खात होतं, त्यात हा परका माणूस तपासणीला आलेला. मी विचारलं, ‘नाना, तुम्हाला मुलं किती?’

‘एकपण नाय.’

‘मग?’

‘म्हणून तर वेळ आहे.’

त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर नानांच्या ताब्यात गेलं. भिंतीवर त्यांनी मुग्धाच्या दुधाचं वेळापत्रक चिकटवलं. पहिली फेरी सहा, दुसरी नऊ, पुढे दर तीन तासांनी. मुग्धा झोपलेली असली तर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत, ‘गाडी लेट.’ पावडरीचा चमचा ते सुरीच्या पाठीने सपाट करत. ढीग नको, खळगा नको, डब्यावर लिहिलंय तेवढंच, तिथे आपलं डोकं चालवायचं नाही. तिने अर्धं दूध ठेवलं आणि मी ‘राहू दे, तासाभराने देऊ’ म्हटलं की बाटली माझ्या हातून जायचीच. ‘उतरलेल्या प्रवाशाला परत चढवायचं नाय, बाई,’ असं म्हणत ते दूध मोरीत ओतत. मी शिक्षिका म्हणून ते मला बाई म्हणत, पण घरात विद्यार्थिनी मीच होते.

त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य मात्र प्रवासाबद्दलचं होतं. ‘पावडर आणि पाणी, मुहूर्ताआधी भेट नाय.’ त्यासाठी त्यांनी एक पेटी तयार केली होती. पत्र्याची, जुनी, आत तिकिटं ठेवायचे खण असलेली. एकेका खणात स्टीलची एकेक डबी आणि प्रत्येक डबीत एका वेळची पावडर, अगदी कोरडी. रबरी बुचं झाकणाच्या डब्यात. उकळून उलट्या ठेवलेल्या दोन बाटल्या. साबणाचा तुकडा, धुतलेला पंचा. आणि मधोमध थर्मास, त्यात उकळतं पाणी काठोकाठ. बाळाला भूक लागेल तेव्हा हात धुवायचे, पाणी ओतायचं, पावडर घालायची, बाटली गार पाण्यात धरून निववायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि पाजायचं. हे सगळं त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. मी एक पायरी चुकले तर पहिल्यापासून.

मे महिन्यात गुहागरहून निरोप आला. सासूबाई अंगणात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि नात बघायची म्हणून रडत होत्या. जायला तर हवं होतं. पण मे महिन्याचं ऊन, चिपळूणला गाडी बदलायची, सगळा दिवस प्रवासात. डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं. मी पिशवी भरायला घेत होते आणि परत सोडत होते.

‘मी येतो,’ नाना म्हणाले. ‘मला गुहागरात काम आहे.’

‘काय काम?’

‘तिथे पोचल्यावर आठवेल.’

नऊची फेरी चिपळूणच्या स्टँडवर दहा वाजता झाली. नानांनी बाकावर पंचा पसरला, पेटी उघडली आणि भोवती माणसं जमली. थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकला, मग माझ्या. ‘दोन साक्षीदार हवेत,’ म्हणाले. गर्दीतल्या एका आजोबांनीही मनगट पुढे केलं, तेव्हा नानांनी त्यांच्यावरही एक थेंब टाकला. मुग्धा गटागटा प्यायली. मी मनातल्या मनात नानांना शंभर नमस्कार केले.

गुहागरची गाडी तासभर चालली असेल. एका वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. पुढे चिऱ्यांचा ट्रक आडवा झाला होता, जांभे दगड रस्ताभर. आम्हाला कुणाला काही लागलं नाही, पण पेटी नानांच्या मांडीवरून खाली आपटली. बाटल्या पंच्यात गुंडाळलेल्या म्हणून वाचल्या. त्यांनी थर्मास काढला, कानाशी धरून हलवला. आत काच खळखळली.

‘गेला,’ ते म्हणाले आणि सगळं पाणी त्यांनी खिडकीतून ओतून दिलं.

‘अर्ध्या तासात सुटू, गुहागरात पाणी उकळू,’ नाना म्हणाले, पण रस्ता मोकळा होईना. एक वाजला, दीड वाजला. मुग्धा आधी कुरकुरली, मग रडली, मग तिचा आवाज बसला तरी ती तोंड उघडून रडतच राहिली. मी तिला घेऊन खाली उतरले, आंब्याच्या सावलीत उभी राहिले. नाना ट्रकपाशी दगड बाजूला करणाऱ्यांना घाई करायला गेले होते. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक कौलारू घर होतं, तिथली आजी शहाळी आणि कोयता घेऊन खाली आली. गाडीतल्या माणसांना शहाळी देत होती.

‘का गो बाय, पोर का रडताय येवढा?’

मी सांगितलं, पावडर आहे, पाणी नाही.

‘मग शहाल्याचा पानी घाल त्यात. देवाच्या घरचा पानी तो. त्याला काय होताय?’

मला ते इतकं पटलं! आमच्याकडे आजाऱ्याला शहाळं, बाळंतिणीला शहाळं. बंद असतं, कुणाचा हात लागलेला नसतो, उकळायचा प्रश्नच नाही. इतका वेळ हे सुचलं कसं नाही, असं वाटलं. मी पेटीतून बाटली काढली, डबीतली पावडर आत टाकली. आजीने कोयता लुगड्याला पुसून शहाळ्याचा माथा उडवला. मी शहाळं वाकडं केलं.

‘ओतू नका!’

नाना धावत येत होते. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला, शहाळं खाली पडून उतारावरून घरंगळत गेलं. ‘अक्कल गहाण टाकलीत काय बाई? काय शिकवलं होतं मी? काय शिकवलं होतं?’

अख्खी गाडी खिडक्यांतून बघत होती. मला जन्मात कुणी चारचौघांत असं बोललं नव्हतं. मी रडू लागले. नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते आजीपुढे हात जोडून उभे राहिले. ‘आजी, चूल पेटवा. पाया पडतो तुमच्या.’

आजी पुटपुटत वर गेली, पण तिने चूल पेटवली. नानांनी टोप राखेने घासला, दोनदा विसळला, विहिरीचं पाणी चुलीवर ठेवलं. मी पावडर घातलेली बाटली रिकामी करून धुतली, बुचासकट दुसऱ्या भांड्यात उकळायला टाकली. पाणी उकळायला लागल्यावरही ते घड्याळ धरून उभेच. मुग्धा माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. गाडीतली दोन-तीन माणसं दारापर्यंत आली, ‘अहो, भुकेनं मरेल पोर, बास झालं,’ म्हणाली. नाना हलले नाहीत. दूध कालवून त्यांनी बाटली गार पाण्याच्या कळशीत धरली, थेंब मनगटावर टाकला आणि बाटली माझ्याकडे दिली. मुग्धाने ती सगळी संपवली आणि तोंडात बूच असतानाच झोपली.

आम्ही आजीच्या पडवीत बसलो. फटका बसलेला हात अजून चुरचुरत होता.

‘ओरडलो तुमच्यावर,’ नाना म्हणाले. ‘चुकलं माझं.’

‘शहाळं इतकं वाईट असतं का हो, नाना?’

‘शहाळं नाय वाईट. पण तान्ह्याच्या पावडरीत ते घालायचं नाय. आणि कोयता कसला, हात कसले, कोण बघतं? हे मला आता कळतंय. तेव्हा कळत नव्हतं.’

‘तेव्हा म्हणजे?’

ते अंगणाकडे बघत बोलले. ‘सोळा वर्षं झाली. मुंबईच्या गाडीवर होतो. वाटेत पऱ्याला पाणी आलं, रस्त्यावरून वाहायला लागलं, गाडी चार तास उभी. गाडीत एक पोरसवदा बाई होती, नवऱ्याकडे निघालेली. हातात हिरवा चुडा. बाळ कुशीत. पावडर होती, पाणी संपलेलं. मीच खाली उतरलो, शहाळं मीच आणलं, बाटलीत मीच ओतलं. सगळे म्हणाले, कंडक्टर देवमाणूस आहे. मला बरं वाटलं, बाई. लय बरं वाटलं.’

मी मुग्धाच्या तोंडातलं बूच हळूच काढलं.

‘संध्याकाळपर्यंत बाळ मलूल पडलं. उलट्या, जुलाब. एका थांब्यावर कुणीतरी म्हणालं, इथे डॉक्टर आहे. ती उतरली. पाऊस पडत होता. डॉक्टर खरंच होता का, मी विचारलं नाय. गाडीला आधीच उशीर झालेला. मी डबल बेल दिली.’ त्यांचा हात हवेत वर गेला, दोरी ओढल्यासारखा, दोनदा. ‘मागच्या काचेतून दिसत होती. तिथेच उभी होती.’

‘मग पुढे?’

‘नंतर ज्या ज्या वेळी त्या रस्त्याने गेलो, थांब्यावर विचारलं. कुणाला काय माहीत नाय. नाव विचारलं नव्हतं मी. मुलगा की मुलगी, तेसुद्धा विचारलं नव्हतं.’

माझा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस रिकाम्या बाटल्या कुणासाठी उकळत होता, तीन वर्षं रोज स्टँडवर कुणाला शोधत होता, हे मला तेव्हा कळलं आणि त्याला चक्रम म्हटल्याची लाज वाटली. मी म्हटलं, ‘जगलं असेल हो, नाना. डॉक्टर भेटला असेल. आता सोळा वर्षांचं झालं असेल.’

खाली गाडीचा हॉर्न वाजला. रस्ता मोकळा झाला होता. माणसं भराभर चढू लागली, ड्रायव्हरने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. मी मुग्धाला घेऊन उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘चला, चला’ म्हणणारे नाना मात्र जागचे उठले नाहीत.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘ते मघाचं पुन्हा एकदा म्हणा.’

मी परत खाली बसले आणि म्हटलं, ‘जगलं असेल, नाना.’