गाठी सोडणारे आबा

आमच्या शेजारच्या आबांना गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी दिसली की हात शिवशिवतात. पिशवी कुणाची, आत काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एकदा शिंदखेड्याच्या बाजारात त्यांनी एका अनोळखी बाईच्या पिशवीची गाठ सोडली आणि पाव किलो मिरच्या रस्त्यावर सांडल्या. बाईने त्यांचा यथेच्छ उद्धार केला. आबा मिरच्या वेचत म्हणाले, "गाठ मारू नको, बाई. बठ्ठा घोळ गाठनाच शे." सगळा दोष त्या गाठीचा, सोडणाऱ्याचा नाही!

गंमत म्हणजे आबांचा जन्म किराणा दुकानात गाठी मारण्यात गेला. "मन्ही गाठ सुटाव नही," असं तेव्हा मिशीवर हात फिरवून सांगायचे.

आता सकाळच्या बसने तापीवर जातात. आपण निर्माल्य उकिरड्यावर टाकत नाही; पिशवीत बांधतो, नमस्कार करतो आणि पुलावरून सोडून देतो. आबा गुडघाभर पाण्यात उतरून त्या पिशव्या ओढतात, फुलं मोकळी करतात, पिशव्या घरी आणून धुतात आणि दोरीवर वाळत घालतात. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झाला, असं गल्लीत म्हणतात. मीही म्हटलंय. आता त्याची लाज वाटते.

हे वेड जामनगरहून आलं. तिथे त्यांची लेक असते. ओहोटीला पाणी सरलं तेव्हा जावयाने त्यांना प्रवाळ दाखवायला नेलं. सगळीकडे पिशव्या गुंडाळलेल्या. वाटाड्याने एक सोडवली, तर खालचं प्रवाळ पांढरं पडून मेलेलं. शेजारीच एक पिशवी अडकलेली, तोंड अजून घट्ट बांधलेलं.

परवा त्यांनी मला विचारलं, "तापीनं पानी बी त्याच समुद्रमा जास ना?" मी शाळेत भूगोल शिकवतो. जातं, म्हणालो.

आबांनी हातातली ओली पिशवी दोरीवर टाकली. मग सांगू लागले. त्यांची बायको, आमच्या अक्का, गेल्या तेव्हा अस्थींचं मडकं वाटेतच फुटलं. आबांनी अस्थी पिशवीत घेतल्या आणि हाताच्या सवयीने गाठ मारली. नदीवर ती सोडू लागले. गाठ सुटेना. मागे दुसऱ्या घरची माणसं खोळंबलेली. शेवटी पिशवी तशीच पाण्यात सोडली.

"आबा, ती कधीच फाटली असेल," मी म्हणालो.

"नही, भाऊ. मी तठे जामनगरले पाह्यं. ती फाटत नही. तुमनी अक्का आतेबी आतमाच शे." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "बंद खोलीमा तिन्हा जीव गुदमरे. थंडीमाबी माले खिडकी उघडी ठेवाले लावे."