मुक्कामी गाडीचा तारांकित प्रश्न

गुंडूअण्णा जेवता जेवता मध्येच उभे राहिले, की आई वाढता वाढता थांबे. उभे राहून ते आधी कोटाचं वरचं बटण लावत. कोट खुंटीवर असला, तर बंडीवरच हवेतलं बटण लावत. मग खणखणीत आवाजात विचारत, "तारांकित प्रश्न! अ : आजच्या आमटीत मीठ कमी पडले आहे, हे खरे आहे काय? ब : असल्यास, त्याची कारणे काय? क : ही उणीव दूर करण्यासाठी कोणती उपाययोजना केली जाणार आहे, व केव्हा?"

आई मुकाट्यानं मिठाची वाटी पुढे सरकवी. "उत्तर समाधानकारक," असं म्हणून अण्णा खाली बसत आणि पुन्हा भुरके मारू लागत.

हे गुंडूअण्णा म्हणजे आमदार. आमच्या नात्यातले नव्हेत. सीमेकडच्या, अर्धी मराठी आणि अर्धी कानडी बोलणाऱ्या एका तालुक्यातून ते निवडून आले होते. राज्यांची फेररचना झाली आणि त्यांचा तालुका मुंबईऐवजी बेंगळूरला जोडला गेला. अधिवेशनासाठी ते इथे बेंगळुरात येऊन आमदार निवासात राहत. पण तिथलं सार-भात त्यांच्या घशाखाली उतरत नसे. गणेशोत्सवात बाबांशी ओळख झाली. आईचं माहेर त्याच बाजूचं आहे आणि तिला भाकरी थापता येते, एवढं कळल्यावर त्यांना आमच्या मल्लेश्वरमच्या घराचा रस्ता कुणी दाखवावा लागला नाही. आई त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही अण्णा म्हणू लागलो.

त्यांचे प्रश्न सगळ्यांना सारखेच. दूधवाल्याला ते फाटकातच गाठत. "अ : दुधात पाणी असते, हे खरे आहे काय? ब : असल्यास, ते कुठल्या विहिरीचे?" दूधवाला हात जोडून म्हणे, "नीरु इल्ला स्वामी!" पाणी नाही म्हणजे नाही. अण्णा विजयी मुद्रेनं आमच्याकडे वळत. "बघा. ह्यानं अ-चं उत्तर दिलं, ब टाळलं. हा एक दिवस मंत्री होणार!"

मी तेव्हा कॉलेजात होते. कॉन्व्हेंट शाळेत शिकल्यामुळे माझं इंग्रजी चांगलं होतं. पण ते बोलण्याची वेळ आली की माझा आवाज कुठेतरी निघून जाई. बसमध्ये कंडक्टरला थांबवायला सांगण्याचा संकोच वाटे, म्हणून कितीदा तरी मी एक थांबा पुढे जाऊन चालत परत येई. अण्णांना याचा पत्ता लागायला वेळ लागला नाही.

"काय गे पोरी, तू बोलत कशी नाहीस?" त्यांनी एकदा विचारलं.

मी वहीत डोकं घातलं.

"होय की नाही, तेवढं सांग."

मी मान अशी हलवली की तिचा अर्थ होयही होईल आणि नाहीही. अण्णा आनंदानं ओरडले, "सापडला! सुधाक्का, तुमच्या घरात मंत्री सापडला!"

सुधाक्का म्हणजे माझी आई. आणि तेव्हापासून मी मंत्री झाले.

झालं असं, की अण्णांना प्रश्न इंग्रजीत लिहून द्यावे लागत आणि त्यांचं इंग्रजी बेताचं. मी ते नीट करून देई. मग ते म्हणत, "आता खुर्चीत बस आणि उत्तर दे. मंत्री देतो तसं दे. मला सापडायचं नाही." न सापडणं ही माझी जन्मजात विद्या. "बाब विचाराधीन आहे," मी पुटपुटे. "माहिती गोळा करण्यात येत आहे." "प्रश्न उद्भवत नाही." या शेवटच्या उत्तरावर अण्णा तापत. "उद्भवत नाही म्हणजे काय? मी इथं ढळढळीत उभा आहे की वो, मंत्रिमहाराज!" मला हसू येई, आणि हसता हसता आवाजही येई. घरात मला कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं असेल, तर ते सरकारच्या वतीनं.

त्यांचे प्रश्न पुष्कळ असत. दवाखान्यात औषध का नाही, शाळेला छप्पर का नाही. पण दर अधिवेशनात एक प्रश्न ठरलेला : कडलवाडीला, म्हणजे त्यांच्या गावाला, मुक्कामी गाडी केव्हा मिळणार?

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी सरकारी बस. कडलवाडीला ती नव्हती. तालुक्याची गाडी पकडायची, तर लोकांना अंधारात उठून फाट्यापर्यंत चालत जावं लागे. बाळंतीण असो, म्हातारा असो, कॉलेजचा पोरगा असो. "यंदा तरी गाडी मिळाली नाही तर पुढच्या निवडणुकीला उभा राहत नाही," अण्णांनी त्या वर्षी जाहीर केलं. "गावाला एक गाडी आणता येईना, तो आमदार कसला? घरी बसतो." हे बोलताना मात्र त्यांनी बटण लावलं नाही. म्हणजे ते खरं होतं.

त्या अधिवेशनाआधी आमची जोरदार तालीम झाली. मी सांगितलं, रस्ता कच्चा आहे. त्यांनी सांगितलं, खडी पडली. मी म्हटलं, प्रवासी नाहीत. त्यांनी गावातल्या माणसांची नावं म्हणायला सुरुवात केली आणि मला हात वर करावे लागले. मग मला एकदम सुचलं. मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "त्या गावी ड्रायव्हर-कंडक्टरच्या राहण्याची सोय नाही. सबब प्रश्न उद्भवत नाही."

अण्णांनी कोट चढवला, छत्री घेतली आणि न जेवता निघून गेले. पुढचे काही दिवस फिरकलेच नाहीत. आई माझ्यावर चिडली. "कशाला गं त्यांना अडवलंस? तोंडातून शब्द फुटत नाही म्हणून शाळेनं आमच्याकडे तक्रार केलेली ही मुलगी!"

प्रश्नाच्या दिवशी बाबांनी मला विधानसौधात, म्हणजे इथल्या विधानसभेत, नेलं. प्रेक्षकांच्या गॅलरीत मी कठड्याला चिकटून बसले. खाली अण्णा अगदी मागच्या रांगेत, हात बटणावर ठेवून तयार. पण त्यांचा नंबर यादीत तळाला होता आणि प्रश्नांचा तास तेवढा एकच. तास संपला, की उरलेल्या प्रश्नांची उत्तरं नुसती कागदावर मिळतात. उभं राहून उलट काही विचारता येत नाही. आणि नेमके त्याच दिवशी एक सभासद तलावातल्या गाळाबद्दल बोलायला उठले ते बसेचनात. घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे, अण्णा बटण लावताहेत, काढताहेत, लावताहेत. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात "बसा खाली!" असं ओरडले.

ते बसले. अध्यक्षांनी अण्णांचा नंबर पुकारला. गावाला मुक्कामी गाडी नाही हे खरे काय, ती देणार काय, आणि केव्हा, असा तो प्रश्न होता.

मंत्र्यांनी कागद वाचला. "अ : होय. ब : नाही. क : प्रश्न उद्भवत नाही."

सभागृहात हशा पिकला. अण्णा ताडकन उठले. "पुरवणी प्रश्न, अध्यक्षमहाराज! का उद्भवत नाही?"

मंत्री शांतपणे म्हणाले, "त्या गावी ड्रायव्हर-कंडक्टरच्या राहण्याची सोय नाही."

मी बाबांचा हात इतक्या जोरात धरला की ते कळवळले. माझं उत्तर! शब्दाला शब्द!

अण्णांनी वर गॅलरीकडे पाहिलं. मला शोधलं. आणि अगदी सावकाश कोटाचं वरचं बटण लावलं.

"अध्यक्षमहाराज, माझं घर कडलवाडीच्या स्टँडसमोर आहे. दोघांनी माझ्या घरी झोपावं. अंथरूण मी देतो, जेवण मी देतो, पहाटे आंघोळीला गरम पाणी मी देतो. आता मंत्रिमहाशयांनी होय की नाही, तेवढं सांगावं."

मग कानडीत सांगितलं. मग, कुणाची काही सबब उरू नये म्हणून, इंग्रजीतही. आता हशा वेगळा होता. बाकं वाजत होती. मंत्री बाजूच्या अधिकाऱ्याकडे वळले, अधिकारी कागदांकडे वळला. शेवटी मंत्र्यांनाही हसू आवरेना. "सन्माननीय सभासद गरम पाणी देणार असतील, तर पुढच्या महिन्यापासून गाडी सोडू."

मी टाळी वाजवली. गॅलरीत टाळी वाजवायची नसते. पहारेकऱ्यानं डोळे वटारले. बाबा म्हणाले, "सॉरी, सॉरी." मला मात्र मुळीच सॉरी वाटत नव्हतं.

दुपारी अण्णा घरी आले ते छत्री फिरवतच. "सुधाक्का, मंत्र्याला मंत्र्यानंच पाडलं!" आईनं पिठलं-भाकरी केली होती. अण्णा सभागृहातला प्रसंग उभे राहून पुन्हा पुन्हा करून दाखवत होते. मंत्री तेच, अध्यक्ष तेच, हशाही तेच. भाकरी निवत होती, पण आज आईही रागावत नव्हती.

अधिवेशन संपत आलं होतं. दर खेपेप्रमाणे आईनं लाडवांचा डबा भरून ठेवला होता. दर खेपेला ती म्हणे, "घरच्यांना द्या हं," आणि अण्णा म्हणत, "पोचवतो."

मी त्या दिवशी भलत्याच धिटाईत होते. उभी राहिले, हवेतलं बटण लावलं आणि म्हटलं, "पुरवणी प्रश्न! रोज दोन परकी माणसं घरी आणणार, हे घरच्यांना विचारलं आहे काय?"

अण्णा उठले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "प्रश्न उद्भवत नाही."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा आम्हीही थांबलो.

"घरात कोण आहे विचारायला?" ते म्हणाले. "बायको जाऊन वर्षं झाली. पोरगा तिकडं गुजरातेत. त्याचं त्याचं बरं चाललंय. लाडू मी शाळेतल्या पोरांना वाटतो, सुधाक्का. छान असतात म्हणतात."

आई डब्याकडे बघत राहिली. मी बसले. बाबांनी उगाचच पाण्याचा तांब्या उचलून परत खाली ठेवला.

"माझ्यापुरतं रांधतो ते एवढंसं असतं," अण्णा पुढे म्हणाले. त्यात अ नव्हतं, ब नव्हतं, तारा तर नव्हताच. "तिघांचं पिठलं करायचं तर पीठ किती घ्यायचं हो?"

आई त्यांच्या पानाजवळ येऊन बसली. तिनं मूठ वळून दाखवली. "अशा तीन मुठी. दमून आलेले असतील, तेव्हा एक वर."

अण्णांनी आपलीही मूठ वळली. तिच्याकडे नीट पाहिलं, आईच्या मुठीशी ताडून बघितली. त्यांची बरीच मोठी होती.

"दोनच पुरतील तुम्हाला," आई म्हणाली.

"सरी, बरं," म्हणून अण्णांनी मान हलवली. काही वेळ ते जेवले. मग हात थांबला, आणि डावा हात आपसूक बंडीवरच्या हवेतल्या बटणाकडे गेला.

"पुरवणी प्रश्न. त्या दोघांना तिखट चालत असेल काय?"

"माहिती गोळा करण्यात येत आहे," मी म्हटलं.