निळे म्हणजे गरम

तेजसने हिंजवडीला जायला नवी गाडी घेतली आणि जुनी वडिलांना, सर्जेरावांना दिली. त्या दिवसापासून त्याची आई मंदाकिनीबाई रिक्षाने फिरू लागल्या. जुन्या गाडीतले हवामान एक यंत्र आपोआप ठरवी. आकडा पंचविसावर लावला, तरी ते सोळाचा वारा सोडी, तोही नेमका डावीकडे बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर. मागच्या महिन्यात एका साखरपुड्याला बाई रिक्षाने पुढे गेल्या आणि सर्जेराव रिकामी गाडी घेऊन मागोमाग.

आता वाईला बाईंच्या थोरल्या बहिणीची पंचाहत्तरी होती. बाईंनी आपल्या शेजारी बसून यावे, एवढीच सर्जेरावांची इच्छा होती. ती त्यांनी बाईंना न सांगता स्वारगेटच्या मच्छिंद्र मेकॅनिकला सांगितली.

"काका, हे शहाणं यंत्र काढून टाकू," मच्छिंद्र म्हणाला. "जुन्या गाडीचं साधं बटण बसवतो. लाल नाहीतर निळं. तुम्ही म्हणाल तेवढंच ऐकंल."

सर्जेरावांचे म्हणणे आजवर घरच्या पंख्यानेही ऐकले नव्हते. तरी त्यांनी हो म्हटले.

तीस वर्षे ग्रंथालयात काढल्यामुळे तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पहाटे गाडी सुरू करताच त्यांनी बटण लालकडे फिरवले, तर गार वारा. दुपारी उन्हात उभ्या गाडीत निळ्याकडे फिरवले, तर उबदार. म्हणजे मच्छिंद्रने जोडणी उलटी केली होती. हे सांगायला ते दोनदा स्वारगेटला गेले. पहिल्यांदा चहा पिऊन परतले, दुसऱ्यांदा कामाचे कौतुक करून. शेवटी त्यांनी बटणाखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'निळे म्हणजे गरम. लाल म्हणजे थंड. खात्री केलेली आहे.'

वाईला निघायच्या सकाळी बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चक्क पुढे बसल्या. डिसेंबर होता. कोथरूड सोडताना त्यांनी बटण निळ्याकडे फिरवले. डेक्कनला शाल पांघरली. स्वारगेट आल्यावर एवढेच म्हणाल्या, "त्या मेकॅनिककडे घ्या."

मच्छिंद्रने बटण लालकडे फिरवले. गाडी लगेच उबदार झाली.

"काका, इंजिन तापंस्तवर दम धरायचा, आन् उन्हातली गाडी निवंस्तवर बी. उलटं वाटलं तर इचारायचं न्हाई व्हय?" मग त्याने चिठ्ठी वाचली. "अक्षर लई भारी हाय पण."

बाईंनी पिशवी उचलली. "अहो, त्या यंत्राचं डोकं काढलंत. आता गाडीत एकट्या तुमचंच उरलंय," असे म्हणून त्या एसटीच्या डेपोकडे चालू लागल्या.

 सर्जेराव किल्ली मच्छिंद्रच्या हातात देऊन त्यांच्या मागे गेले.

वाईच्या एसटीत बाईंशेजारची जागा रिकामी होती. खिडकीची काच मात्र लागत नव्हती. सर्जेरावांनी तीनदा ओढून पाहिली. कात्रजच्या पुढे वारा थेट बाईंच्या गुडघ्यांवर येऊ लागला. 

शिरवळच्या आसपास बाईंनी शालीचे एक टोक त्यांच्याकडे सरकवले.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे खात्री कुणी दिली नव्हती."