पंपघराचे मालक

आमच्या शेजारचे भोयेकाका लग्नाची पत्रिका परत पाठवतात. लाल शाईने दुरुस्त करून. एका पत्रिकेत त्यांनी नवऱ्यामुलाची पदवी दोनदा तपासून खोडली होती. मुलगा म्हणे अजून शेवटच्या वर्षाला होता.

काका जव्हारच्या एका कचेरीत जन्मभर दस्तांच्या नकला उतरवायचे. ते निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. वडापावचा कागदसुद्धा ते वाचल्याशिवाय टाकत नाहीत. त्यांचं एकच पालुपद: "बोट ठेवून वाच रं!"

मी बोट ठेवून वाचणाऱ्यांपैकी नाही. मोखाड्याहून बदली होऊन जव्हारला आलो, घर घेतलं आणि खरेदीखतावर पानापानावर सह्या केल्या त्या फक्त भूक लागली होती म्हणून. "वाचलंत ना?" असं विचारल्यावर मी रुबाबात मान हलवली होती. माझी बायको अजून ती मान हलवून दाखवते.

वास्तुशांतीला काका आले. लोक प्रसाद मागतात, त्यांनी खरेदीखत मागितलं. होमाच्या धुरात डोळे पुसत त्यांचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं. तिसऱ्या पानावर थांबलं.

"सुरेश, तुझं घर कितवं?"

"अठ्ठेचाळीस."

"कागदावर चौऱ्याऐंशी आहे. ते नगरपरिषदेचं पंपघर. अभिनंदन!"

टाइप करणाऱ्याने आकडे उलटे टाकले होते आणि मी त्याखाली झोकदार सही केली होती. बायको हातातला नारळ तसाच धरून म्हणाली, "म्हणजे ही शांत पंपाची झाली?"

गंमत तिथेच संपली. चूक दुरुस्तीच्या दस्तावर विकणाऱ्याची सही लागते. आणि ज्यांनी घर विकलं ते शाळेतले गुरुजी चार दिवसांनी मुलीकडे नाशिकला कायमचे निघाले होते. गुडघे असे, की एकदा गेले की जव्हारचा घाट परत चढणार नाहीत. आयुष्याची सगळी पुंजी घालून मी पंपघर घेतलं होतं.

काकांना स्कूटरवर मागे बसवून गुरुजींकडे गेलो. फाइल काकांनी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती. गुरुजी ट्रंक आवळत होते. ऐकून भडकलेच.

"पंपघर काय माझ्या बापाचं होतं?"

"कागदावर तुमचंच होतं, गुरुजी," काका शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात. ही एक शेवटची तपासा."

गुरुजी मिशीत हसले. "ये उद्या सकाळी, भोये. पण मसुदा तुझ्या हातचा पाहिजे."

त्या दुपारी काका आपल्या ओटीवर मसुदा लिहायला बसले. घरात ते एकटेच; चुलीवरची नागलीची भाकरी मीच उलटली. चतुःसीमा लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिला. या खेपेला मी शब्दन्‌शब्द वाचला.

"पूर्वेस सौ. जनाबाई भोये यांचे घर."

मी चाचरलो. "काका, काकींना जाऊन सहा वर्षं झाली ना? मग सौ. कसं?"

"घर तिच्या नावावर आहे."

"नाव बदलून घ्यायचं की! तुम्हाला काय, एका अर्जाचं काम."

"अर्ज लिहून ठेवलाय." काकांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "वर्षातून एकदा घरपट्टीचा माणूस येतो. दर वर्षी नवीन असतो. दारातून हाक मारतो, जनाबाई भोये आहेत का? मी आतून सांगतो, आहेत."

भाकरी थोडी करपली. दोघांनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सही केली, दस्त नोंदला गेला आणि अठ्ठेचाळीस नंबर एकदाचा आमचा झाला. मसुद्यातलं एक अक्षरही मी बदलू दिलं नाही. आमच्या पूर्वेला सौ. जनाबाई भोये राहतात.