रेष बघणाऱ्या बाई

केडगावात कुणाचा पाय रांगोळीवर पडला, तर लोक "अगं, रांगोळी" म्हणतात. आमच्या भिंगारदिवे बाई हात आडवा करून "आऊट" म्हणतात.

बाई आमच्या शाळेत खेळ शिकवतात, मी गणित. पण त्यांचा खरा जीव टेनिसच्या रेषेत. सुट्टीत स्पर्धांना लाइन अंपायर म्हणून जातात. एका रेषेवर डोळे लावायचे आणि चेंडू बाहेर पडला की ओरडायचं, एवढंच काम. "रेष बघायची, माणूस बघायचा नाही," हे त्यांचं पालुपद. स्टाफरूममध्ये माझी वही बोटभर त्यांच्या बाजूला सरकली तरी आऊट. चर्चमध्ये प्रवचन लांबलं तेव्हाही हात आडवा झाला होता म्हणे. खरं सांगते, त्यांच्या शेजारी बसायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

अशा बाईंकडे तिसगावची रेणुका सहा वर्षं राहिली. शाळाही तिथूनच, टेनिसही त्यांच्याच हाताखाली. गणितात तरली ती माझ्यामुळे, हे कुणी सांगत नाही. बाई एकट्या, स्वतःपुरता स्वयंपाक करायचा कंटाळा, पण रेणुकासाठी पहाटे उठून भाकरी थापायच्या. ती त्यांना मावशी म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला बायकांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा होती, बंदिस्त सभागृहात. रेणुकाचा पात्रता फेरीतला शेवटचा सामना. जिंकली तर मुख्य स्पर्धेत, आयुष्यात पहिल्यांदा. मी आणि तिचे वडील बापू नगरहून एसटीने गेलो. बघते तर बाईही तिथे लाइन अंपायर, पण शेजारच्या कोर्टावर, रेणुकाकडे पाठ करून बसलेल्या. माझं डोकंच फिरलं.

"लई शांत हाय हो हितं," बापू कुजबुजले. "खोकलं तर चालंल का?"

रेणुका पहिला सेट हरली, दुसरा तिने खेचून आणला. तिसऱ्याला सगळं सभागृह तिच्याकडे वळलं, बाई सोडून. टाळ्या पडायच्या, पण कुणासाठी ते त्यांना कळायचं नाही. मान तसूभर हलली नाही. शेवटी रेणुकाने असा फटका मारला की मी उठून उभीच राहिले. पोरगी जिंकली. बापू तर सरळ रडायला लागले. बाई आपली रेष बघत होत्या.

त्यांचा सामना संपल्यावर धावतच आल्या. "शेवटचा चेंडू कुठे पडला?"

"रेषेवर."

"नीट सांगा."

तीनदा सांगितलं. मग मात्र माझा तोल सुटला. "तिच्या कोर्टावर का नाही बसलात? समोरून बघायला मिळालं असतं."

"फॉर्मवर विचारतात, खेळाडूंत कुणी नात्यातलं आहे का. असलं तर त्या कोर्टावर बसवत नाहीत."

"पण रेणुका कुठे तुमच्या नात्यात?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "मी मुलगी लिहिलं."

बोटभर सरकलेली वहीसुद्धा न खपवून घेणारी ही बाई.

"'नाही' लिहायला हात धजेना हो. खोटं झालं असतं ते." मग त्या बापूंकडे वळल्या. "तुम्हाला न विचारता लिहिलं. चुकलं असेल तर माफ करा."

बापूंनी डोळे पुसले. "बराबर लिव्हलं की. घरी ती तुमाला आईच म्हनती. तुमच्यापुढं लाजती, म्हनून मावशी."