परिमळरावांचा कमोड आणि साळिंदराची खानावळ

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी सुधारले होते. सुधारले म्हणजे काय, तर ते आता कुठेही बसत नसत. टेकडी पोखरून त्यांनी मजल्यावर मजले केले होते, आणि घराघरात संडास होता.

या टेकडीच्या तळमजल्यावर विठोजी साळिंदर आणि त्याची बायको हौसा यांची खानावळ होती. तिथे उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, मिळायचे आणि सोबत लसणीची चटणी. दुपारी बसायला जागा नसायची. हरणंसुद्धा साळिंदराच्या काट्यांना चिकटून बसत आणि तक्रार करत नसत.

खानावळीच्या बरोबर वर परिमळराव उदमांजर राहत. उदमांजराच्या अंगाला जन्मतःच सुगंध असतो. त्यात परिमळरावांचं कर्तृत्व काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना त्याचा फार अभिमान होता.

परिमळरावांनी एकदा जुना कमोड काढून पांढराशुभ्र नवा बसवला. बसल्या बसल्या दरी दिसावी म्हणून तो खिडकीकडे जरा सरकवून घेतला. त्यामुळे कमोडचं मागचं तोंड आणि जमिनीतून आलेला मैल्याचा पाइप यांची रेष चुकली. दोघांमधलं रबर तिरपं बसलं. कमोडला खाली स्क्रूही मारले नाहीत, कारण नव्या फरशीला भोकं पडली असती. परिमळराव बसले की कमोड डुले, उठले की पुन्हा डुले, आणि दर डुलण्याला रबर थोडं आणखी सरके.

खानावळीच्या छतावर पिवळा डाग उमटला. मग तो ठिबकू लागला. काय ठिबकत होतं ते मी सांगत नाही. तुम्हाला कळलंय.

विठोजी वर गेला आणि हात जोडून म्हणाला की राव, तुमच्या कमोडचा सांधा गळतोय, तेवढा बघून घ्या. परिमळरावांनी नाकाला रुमाल लावला. असलं काही आमच्याकडे नसतं, असं ते म्हणाले. तुम्ही करांदे उकडता, त्याची वाफ छताला लागते, तीच खाली पडत असेल. विठोजी म्हणाला की वाफेला असा वास येत नाही.

"वास कुणाच्या घरात येतोय?" परिमळरावांनी विचारलं.

"माझ्या."

"मग तो तुमचाच."

हे उत्तर टेकडीभर पोचलं आणि सगळ्यांना पटलं. गिऱ्हाईकं कमी झाली. हौसाने चूल कोपऱ्यात सरकवली. मग डागही कोपऱ्याकडे सरकला.

विठोजीने नळ दुरुस्त करणाऱ्या वानराला गाठलं. वानर म्हणाला की मी फक्त प्यायच्या पाण्याची कामं घेतो, त्या पाइपाला हात लावला तर माझ्या मुलीला कोण करून घेईल. मग विठोजी टेकडीच्या मुखियाकडे, म्हणजे गव्याकडे गेला. गव्याने सभा बोलावली, पण बजावलं की सभेला बायाबापड्या असतात, तेव्हा तो शब्द उच्चारायचा नाही. विठोजीने खूप विचार करून 'वरून येणारा ओलावा' असं म्हटलं. ओलावा हा निसर्गाचा भाग आहे असं सभेने ठरवलं आणि चहा घेतला.

त्यानंतर एका दुपारी उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाच्या, एका म्हाताऱ्या सशाच्या ताटातच थेंब पडला. ससा ताट बाजूला सारून निघून गेला. हौसाने ते ताट उचललं आणि ती विठोजीकडे बघत राहिली.

विठोजीने पाना आणि नवं रबर घेतलं आणि तो वर गेला. परिमळरावांनी त्याला मागच्या दाराने यायला सांगितलं आणि स्वतः दरीकडे तोंड करून बसले. विठोजीने कमोड उचलला, सडकं रबर काढलं, पाइपाचं तोंड पुसून कोरडं केलं. नवं रबर घालून कमोड सरळ रेषेत आत दाबला आणि फरशीला स्क्रू मारले. मग सांध्याभोवती राख पसरून कमोडमध्ये बदाबदा पाणी ओतलं. राख कोरडी राहिली.

परिमळरावांनी बसून पाहिलं. कमोड डुलला नाही. दरी आता नीट दिसत नाही, एवढं मात्र त्यांनी बोलून दाखवलं.

विठोजी ओढ्यावर गेला. रिठ्याने हात धुतले, मग राखेने, मग पुन्हा रिठ्याने. दुसऱ्या दिवशी छत कोरडं होतं. हौसाने मोठं पातेलं चढवलं. करांद्यांचा वास टेकडीभर सुटला.

कुणीही आलं नाही.

उन्हं कलली तेव्हा गवा आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत या, मुखियाजी," विठोजी म्हणाला. "हात धुतलेत मी."

"धुतले असशील. पण कशात घातले होतेस ते सगळ्यांना कळलंय."

"आणि मैला ज्यांचा होता ते?"

"त्यांनी कुठे हात लावला?" गवा म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. जाता जाता त्याने सांगितलं की आमच्याकडेही थोडं गळतंय, तर सवडीने येऊन जा. मागच्या दाराने.

मग सगळ्यांनीच बोलावलं. टेकडीत इतके सांधे गळत होते हे तोवर कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. विठोजी जाई, सांधा नीट करी, आणि परत येऊन थंड झालेले करांदे हौसाबरोबर खाई. तिकडे परिमळरावांच्या घरी मेजवान्या झडत. घर किती स्वच्छ ठेवता, असं पाहुणे म्हणत. परिमळराव लाजत.

एका सकाळी हौसाने पातेलं फडक्यात बांधलं. विठोजीने पाना पिशवीत टाकला आणि दोघं टेकडी उतरली.

दूरच्या एका जंगलात, दुसऱ्या टेकडीत, त्यांनी नवी खानावळ उघडली. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ती धडाक्यात चालली. आणि एक दिवस तिच्याही छतावर पिवळा डाग दिसला.

विठोजी मान वर करून उभा राहिला. रबर कुठे सरकलं असेल हे त्याला खालूनच दिसत होतं. त्याने पाना उचलला.

"खाली ठेव तो," हौसा म्हणाली.

त्याने पाना खाली ठेवला. मागून एक बादली आणून ठिबकणाऱ्या जागेखाली ठेवली, पुढे रंगीत पडदा लावला आणि भरपूर ऊद जाळला.

गिऱ्हाईकं आत आली. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि आजचा वास फारच प्रसन्न आहे असं म्हणत करांदे दोनदा मागून घेतले. विठोजीने आपल्या स्वच्छ हातांनी वाढले.

तात्पर्य: बाळांनो, मैला करणाऱ्याला चिकटत नाही, काढणाऱ्याला चिकटतो. म्हणून घरात कुठे गळू लागलं तर बादली मोठी घ्या, ऊद चांगला आणा, आणि आपले हात कायम स्वच्छ ठेवा.