मीठ घातलेला बर्फ

रक्त वाया गेल्याचं नविनला मंगळवारी दुपारी वापीच्या लॅबमध्ये कळलं. तोपर्यंत तो स्वतःवर खूष होता.

सकाळी डहाणूच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोचं, निर्मलाचं, रक्त काढून नळी त्याच्या हातात दिली. "आजच पोचवा. जपून न्या." वाढवणच्या माणसाला जपून न्यायला शिकवावं लागत नाही. नविनने तीस वर्षं पापलेट जपून नेलं होतं. त्याने मासळी बाजारातून थर्माकोलचा डबा घेतला, बर्फ भरला, गारवा आणखी वाढावा म्हणून मूठभर जाडं मीठ टाकलं आणि मधोमध नळी रोवली. चारोटीला बस बदलताना ओळखीच्या मासळीवाल्याकडून आणखी बर्फ घेतला.

तलासरीपाशी शेजारच्या बाईने डब्याकडे मान वळवली. "पापलेट हाय काय? दोन द्या ना."

"नाय बाई, बायकोचं रक्त हाय."

पुढची सगळी वाट नविनला दोन माणसांची सीट मिळाली.

लॅबमधल्या शितलने नळीला चिकटलेला खवला नखाने काढला आणि नळी उजेडात धरली.

"काका, हे गोठून बर्फ झालंय. पेशी फुटल्या सगळ्या."

"ताजं राहावं म्हणून..."

"आम्ही पेशींना रंग लावतो. मग मशीन एकेक पेशी बघून सांगतं, चांगली कुठली, बिघडलेली कुठली. फुटलेल्या पेशीला काय रंग लावू?"

"मग आणायचं कशात होतं?"

"खिशात आणलं असतंत तरी चाललं असतं."

नविनने खिसा चाचपला. तंबाखूची पुडी सोडली तर रिकामाच होता.

घरी निर्मलाने सगळं ऐकून घेतलं.

"मीठ पण टाकलंत?"

"टाकलं."

"मग हळद तेवढी राहिली." ती इतकी हसली की दम लागून भिंतीला टेकली.

त्या रात्री तिला ताप भरला. दुसऱ्यांदा रक्त द्यायला नऊ दिवस गेले. "आता नळी नको, मला अख्खीच न्या," ती म्हणाली, म्हणून नविन तिलाच वापीला घेऊन गेला.

"मला मोरपंखी रंग लाव गो," तिने शितलला सांगितलं.

"आमचे रंग ठरलेले असतात, मावशी." शितलने रक्तात रंग मिसळून नळ्या कपाटात ठेवल्या. "आता थोडा वेळ काळोखात. उजेडाने रंग उतरतो."

"बघा," निर्मला नवऱ्याला म्हणाली, "कुठे मीठ टाकते काय ती?"

रिपोर्ट आला. आजार रक्ताचाच होता. औषधं सुरू झाली आणि तीन महिने चालली. भेटायला येईल त्याला निर्मला मिठाची गोष्ट सांगायची. तिच्या दहाव्याला लोकांनी तीच आठवण काढली. सगळे हसले, नविनही हसला.

परवा बाजारात डॉक्टर भेटले. घरची चौकशी केली. नविनने त्यांना दोन पापलेटं बांधून दिली, बर्फ घालून.

ते नऊ दिवस गेले नसते तर काही फरक पडला असता का, एवढं त्याला विचारायचं होतं. ते विचारायचं राहिलं.